हरलेलीची खुर्ची

स्क्वॉश खेळून जगणाऱ्या बाईचं आयुष्य कसं असतं, असं थोरलीला कुणी विचारलं की ती ट्रॅकपँटचा पाय वर करते आणि गुडघा दाखवते. "दोन ऑपरेशनं. बाकी सगळी मजाच मजा." अहो, कसली मजा! पंधरा वर्षं ही बाई पाठीवर रॅकेटची पिशवी टाकून गावोगाव हिंडली. लहान स्पर्धांत हॉटेल कुठलं मिळायला? कुणातरी सभासदाच्या घरी खेळाडूची सोय लावतात. त्यामुळे हिनं निम्मं तरुणपण परक्यांच्या पोरांच्या खोल्यांत काढलं, तोकड्या पलंगावरून पाय बाहेर काढून, भिंतीवरचे डायनासोर मोजत. कपडे बेसिनमध्ये धुवायचे, खुर्चीच्या पाठीवर टाकायचे आणि सकाळी दमट मोजे तसेच चढवायचे. प्रेक्षक म्हणाल तर अकरा. त्यातले चार पुढच्या मॅचचे खेळाडू आणि एक सफाईवाला. एवढा आटापिटा करून जगाच्या यादीत तिचा नंबर लागला अडतिसावा, तोही एका महिन्यापुरता. पुढच्या महिन्यात पुन्हा त्रेचाळीस.

पण तिला जे आतून खातं ते गुडघ्याचं नाही आणि नंबराचंही नाही. ते आहे तिच्या धाकट्या बहिणीचं, एका चेंडूचं. एकोणीस वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यासाठी आधी बाबा सांगायला हवेत. बाबा एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे पगारी खेळगडी. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं, त्याला घाम फुटेल इतपत पळवायचं आणि शेवटी त्याला बरं वाटेल अशा बेतानं हरायचं. हरण्यात बाबांचा हात कुणी धरला नसता. नवव्या पॉइंटपर्यंत असे झुंजायचे की सभासदाला वाटावं, आज आपण काय तोफ खेळलो! पण एका गोष्टीत बाबा पक्के. स्क्वॉशमध्ये समोरच्या भिंतीवरून आलेला चेंडू जमिनीवर एकदाच टेकू द्यायचा. दुसऱ्यांदा टेकायच्या आत रॅकेट खाली घातली तर चेंडू आपला, नाहीतर गेला. आता हे कधीकधी इतकं निमिषात होतं की बघणाऱ्याला कळत नाही. ज्याच्या हातात रॅकेट आहे त्यालाच कळतं. "हाताला कळतं," बाबा म्हणायचे. "दोनदा टेकला तर कुणी विचारायच्या आत आपण हात वर करायचा. गेम सोडेन मी साहेबांना, पण चेंडूबद्दल खोटं बोलणार नाही. तेवढ्यावर तर माझी इज्जत आहे इथं."

दुपारी दोन ते चार सभासद जेवून सुस्तावलेले असत आणि कोर्ट रिकामं. ते दोन तास बाबांच्या दोन पोरींचे. थोरली सात वर्षांची असल्यापासून, आणि तीन वर्षांनी लहान असलेली बारकी अवघी चार वर्षांची असल्यापासूनच म्हणा ना. स्क्वॉशचा चेंडू गार असला की मेल्यासारखा जमिनीवर बसतो, उडतच नाही. म्हणून बारकीचं काम होतं तो तळहातांत चोळून ऊन करायचं. ती कोपऱ्यात उकिडवी बसून चोळत राहायची आणि विचारायची, "ताई, झाला का गं?" ताईनं गालाला लावून बघायचा आणि हो म्हणायचं. मगच खेळ सुरू.

हे "ताई, झाला का?" बारकीच्या तोंडातून पुढे कधी गेलंच नाही. शाळेतलं गणित असो, केस कापायचे असोत, नाहीतर चेंडू पत्र्याला लागला की भिंतीला. पत्रा म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाची पट्टी, तिला चेंडू लागला की बाद. बारकी स्वतः आवाज ऐकायची, तरी वळून ताईकडे बघायची. ताईचा शब्द म्हणजे शब्द. आणि ताईही तशीच होती हो. सतराव्या वर्षी एका फायनलमध्ये तिनं स्वतःच्या मॅच पॉइंटला हात वर केला, "दोन टप्पे होते" म्हणाली आणि हरली. बाबा त्या दिवशी क्लबात मिशीला पीळ देत फिरले. तेव्हापासून सगळ्या खेळाडू मंडळींत तिची ख्याती झाली. तिच्याशी खेळताना पोरी पंचाकडे बघतच नसत, तिच्याकडे बघत.

एवढी ख्याती माणसाच्या डोक्यात जाते. थोरलीच्या गेली, आणि हे ती आता स्वतः कबूल करते.

थोरली तेविसाची, बारकी विसाची. थोरली चार जणींच्या संघात तीन वर्षं होती. त्या साली चौथी जागा मोकळी झाली होती. एक स्पर्धा होती, तिच्या पात्रता फेरीतून जी मुख्य फेरीत जाईल तिचा त्या जागेसाठी विचार व्हायचा होता. निवड करणाऱ्या बाई स्वतः येऊन सज्जात बसल्या होत्या, मांडीवर वही, नाकावर चष्मा. बारकीची शेवटची पात्रता मॅच एका उंच पोरीशी होती. उंच पोरगीही त्याच जागेवर डोळा ठेवून होती. म्हणजे जिंकेल ती संघात, इतकं सरळ होतं.

आता या खेळाची एक रीत ऐका. लहान स्पर्धांत पंच आणायला माणसं नसतात. तेव्हा जी मॅच हरते तिनं घाम पुसायचा, पाणी प्यायचं आणि त्याच कोर्टावरच्या पुढच्या मॅचला पंच म्हणून बसायचं. हरलेलीची खुर्ची म्हणतात तिला. कोर्टाच्या मागे, काचेच्या वरच्या सज्जात, एक प्लास्टिकची खुर्ची. जीव आधीच जळत असतो, रडावंसं वाटत असतं, आणि इथं पेन्सिल घेऊन दुसऱ्यांचे गुण मांडायचे. बारकीच्या आधीची त्या कोर्टावरची मॅच होती थोरलीची. आणि थोरली हरली. तीन-शून्य हरली, तेही जिला ती सहज हरवायची तिच्याकडून.

स्पर्धेचा व्यवस्थापक भला माणूस होता. तो म्हणाला, "अगं, पुढची तुझ्या बहिणीची आहे. बदलू का? मी बसतो हवं तर."

इथं तिनं हो म्हणायचं होतं. एक साधं हो! पण नाही. संघात कुजबुज होतीच, की आता ताई बारकीला मागच्या दारानं आत घेणार. ते तिच्या कानावर आलेलं आणि मनाला चांगलंच झोंबलेलं. वर नुकतीच हरलेली. ती ताठ मानेनं म्हणाली, "गरज नाही. मी बघते."

उंच पोरीला विचारलं, तर तीही म्हणाली, "तिच्यावर माझा भरवसा आहे." झालं! थोरली जाऊन खुर्चीत बसली.

बारकी त्या दिवशी जे खेळली ते पुन्हा कधी खेळली नाही. बुटकी पोरगी, पण कोर्टभर नुसती भिरभिरत होती. पहिला गेम तिनं घेतला, दुसरा-तिसरा उंच पोरीनं घेतला, चौथा पुन्हा बारकीनं. पाचव्यात दहा-नऊ. अकरा झाले की मॅच. बारकीला एक पॉइंट हवा होता.

उंच पोरीनं चेंडू पुढच्या डाव्या कोपऱ्यात अलगद टाकला. बारकी मागे होती. सगळ्यांना वाटलं संपलं. पण पोरगी झेपावली, पोटावर घसरत गेली आणि रॅकेटचं टोक चेंडूखाली घातलं. चेंडू उचलला गेला, भिंतीला लागला आणि कोपऱ्यात मरून पडला. उंच पोरगी जागची हललीसुद्धा नाही. तिनं फक्त मान वर करून खुर्चीकडे बघितलं.

थोरलीनं तो चेंडू बघितला होता. लख्ख बघितला होता. एक टप्पा, मग रॅकेटची कड, मग चेंडू वर. बारकी जिंकली होती. अकरा-नऊ एवढंच म्हणायचं होतं.

पण पाठीमागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "आता बघ हं, बहीणच आहे." कोण म्हणालं ते तिनं वळून बघितलंही नाही. तिच्या मानेवर सगळ्या सज्जाचे डोळे आले, आणि तिच्या तोंडातून शब्द बाहेर पडले ते असे, "दोन टप्पे. दहा-दहा."

असं का केलंस म्हणून तिला विचारलं तर आजही तिला धड सांगता येत नाही. बहिणीचं वाईट चिंतणारी ती नव्हती. फक्त त्या क्षणाला तिला बहीण जिंकण्यापेक्षा आपलं नाव राखणं जास्त निकडीचं वाटलं. एवढंच. आणि हे एवढंच काही लहान नाही.

बारकी जमिनीवरून उठली. छातीला धूळ लागली होती, कोपर सोललं होतं. तिनं वर बघितलं. "ताई?" म्हणाली. भांडली नाही, हातवारे केले नाहीत, लहानपणी विचारायची तसं नुसतं विचारलं.

"दोन टप्पे," थोरली पुन्हा म्हणाली. एकदा चुकून सुटला असेल शब्द, पण दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा ती विचार करून बोलली होती.

बारकीनं मान डोलावली, चेंडू उचलून उंच पोरीच्या हातात दिला. पुढचे दोन पॉइंट अर्ध्या मिनिटात गेले. त्यातल्या एकाला तर ती धावलीच नाही. दहा-बारा. सज्जातल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चष्मा काढला.

कपडे बदलायच्या खोलीत बारकी बाकावर बसून कोपराला पाणी लावत होती. म्हणाली, "ताई, मला वाटलं एका टप्प्यात आला होता गं. हाताला तसं लागलं."

थोरलीनं रॅकेट पिशवीत कोंबली.

"पण तू म्हणालीस म्हणजे नसणारच. मला कळेनासं झालंय का काय आता?"

त्या खोलीत त्या दोघीच होत्या. दाराला कडी होती. तेव्हा सांगितलं असतं, पाया पडली असती, बाहेर जाऊन व्यवस्थापकाला बोलावलं असतं, तरी काहीतरी झालं असतं. पण थोरली म्हणाली, "होतं असं. अंघोळ कर लवकर, बस चुकेल." मग बसमध्ये सांगू म्हणाली. बसमध्ये बारकीला झोप लागली, थोरलीच्या खांद्यावर. मग घरी सांगू. घरी तर वेगळाच तमाशा.

बाबांना तोवर खबर लागली होती. ते दारातच उभे. बारकीला जवळ घेतलं, पण डोळे थोरलीवर. "सख्ख्या बहिणीला सोडलं नाहीस! शाब्बास गं माझी पोरगी!" आणि दुसऱ्या दिवसापासून क्लबात ज्याला त्याला तेच. सभासद थोरलीला थांबवून हात मिळवायचे. सहा महिन्यांनी तर कहर झाला. खिलाडूपणाबद्दल म्हणून तिला एक ढाल दिली, पितळी, तिच्यावर तिचं नाव. बाबांनी ती बाहेरच्या खोलीत टांगली आणि दर रविवारी फडक्यानं लख्ख करायला लागले. टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत कोण होतं सांगू? बारकी. दोन्ही हातांनी वाजवत होती वेडी.

अशा वेळी माणसानं सांगायचं तरी कसं? आधी एका बहिणीला सांगायचं होतं. आता बाबांना, क्लबाला, ढाल देणाऱ्यांना, सगळ्या गावाला सांगावं लागणार होतं. जितके दिवस जात होते तितकी जीभ जड होत होती.

आणि बारकीचा खेळ तिकडे पार बसला. ती पूर्वीसारखीच पळायची, पण चेंडू उचलला की लगेच हात वर करायची. "दोन टप्पे असतील." समोरची म्हणायची, "अगं, चांगला होता!" तर ही म्हणायची, "नाही नाही, माझं मला कळत नाही." वर्षभरात तिनं रॅकेट कपाटावर टाकली आणि विमा कंपनीत लागली. बाबा म्हणाले, "बारकीची नजर गेली. होतं एखाद्याचं." थोरली ते ताटावर मान खाली घालून ऐकत होती.

ती स्वतः मात्र खेळत राहिली, दहा वर्षं. अडतिसावा नंबर त्याच काळातला. स्वतःच्या चेंडूला हात वर केला की टाळ्या पडायच्या, आणि त्या तिला ऐकवायच्या नाहीत. पुढे गुडघा गेला, खेळ गेला. बाबाही गेले, सहा वर्षांपूर्वी. शेवटच्या आजारपणात भेटायला येणाऱ्यांना झोपल्या झोपल्या भिंतीवरची ढाल दाखवायचे. थोरली उशाशी बसलेली असायची. आता बाबांच्याच क्लबात ती पोरांना शिकवते, आणि ढाल तिच्या घरी आहे. कपाटात, चादरींच्या खाली.

बारकीचं लग्न झालं, मुलगी झाली. ती पोरगी आता अकरा वर्षांची आहे, मावशीकडेच शिकते, आणि आईसारखीच भिरभिरी. थोरलीचा तिच्यावर अतोनात जीव. आपल्या हातून जे मोडलं ते ही पोर जोडील, असं काहीतरी तिच्या मनात होतं. माणूस स्वतःची किती समजूत घालतं बघा!

गेल्या महिन्यात क्लबात मुलांच्या स्पर्धा होत्या. भाचीची मॅच, थोरली काचेमागे उभी. भाची पुढे होती, छान खेळत होती. तेवढ्यात तिनं एक अवघड चेंडू उचलला आणि हात वर केला. "दोन टप्पे." थोरलीच्या भुवया वर गेल्या. चेंडू स्वच्छ होता. थोड्या वेळानं पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदा. तीन चांगले चेंडू पोरीनं आपल्या हातानं देऊन टाकले, आणि मॅच दोन पॉइंटनी गेली.

थोरली तिला बाजूला घेऊन म्हणाली, "काय गं ए शहाणे, ते तिन्ही चांगले होते! हाताला कळलं नाही तुझ्या?"

"कळलं ना," पोरगी बाटली तोंडाला लावत म्हणाली. "चांगले वाटले. पण आई म्हणते, वाटण्यावर जायचं नाही. जराशी शंका आली की सोडून द्यायचं. आईला पण वाटलं होतं ना आपला चेंडू आला म्हणून. नव्हता आलेला." आणि मग सरळ मावशीच्या तोंडाकडे बघून, "तूच तर सांगितलंस तिला."

थोरली तिथंच पायरीवर बसली. एका पोरीचा हात तिनं मुका केला होता, आता दुसरीचाही झाला होता. आणि त्यातलं कुणीच तिच्यावर रागावलेलं नव्हतं, हे सगळ्यात वाईट.

पाच वाजता बारकी लेकीला न्यायला आली, ऑफिसातून परस्पर, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. थोरली म्हणाली, "जरा आत कोर्टात ये."

"आत्ता? अगं माझे बूट काळ्या तळाचे आहेत, फरशीवर डाग पडतील."

"काढून ये."

बारकी बूट काढून, मोजे घातलेल्या पायांनी आत आली. कितीतरी वर्षांनी आली होती. कोपऱ्यात एक चेंडू पडला होता. तिनं तो वाकून उचलला आणि बोलता बोलता तळहातांत चोळायला लागली. आपण काय करतोय हे तिला कळलंही नसावं. थोरलीला मात्र ते बघवेना.

"तुझा तो चेंडू," ती म्हणाली. "त्या उंच पोरीबरोबरचा. दहा-नऊचा."

"त्याचं काय आता मध्येच?"

"तो आला होता. एकच टप्पा होता. मी बघितला होता."

बारकी हसली. "काहीतरीच काय ताई! तूच नाही का..."

"मी खोटं बोलले. लोक म्हणतील बहिणीला झुकतं माप दिलं, म्हणून. दोनदा बोलले. आणि नंतर एकोणीस वर्षं बोलले." आणि मग तिला रडू फुटलं. "चुकलं गं माझं. फार चुकलं."

बारकी चोळायची थांबली. वळून डाव्या कोपऱ्याकडे बघायला लागली. कोर्ट दुसरंच, पण कोपरा तर सगळीकडे सारखाच.

"बाबांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला कळलं होतं," बारकी म्हणाली, आणि आवाज एकदम चढला. "हाताला कळलं होतं माझ्या! मी म्हणाले होते तुला, त्या खोलीत म्हणाले होते!"

"हो."

"मी माझ्या हातावर विश्वास नाही ठेवला. तुझ्यावर ठेवला."

काचेचं दार ढकलून भाची आत आली. आरडाओरडा ऐकून आली असणार. ती एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघायला लागली. बारकीनं तोंडावरून हात फिरवला आणि थोरलीला म्हणाली, "सांग हिला. मला सांगितलंस तसंच सांग. माझ्यासमोर."

थोरलीनं सांगितलं. लहान पोरीला कळेल अशा चार वाक्यांत सांगितलं, काही झाकलं नाही. पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"म्हणजे आई जिंकली होती?"

"हो."

"कितीनं?"

"अकरा-नऊ," थोरली म्हणाली. हरलेलीच्या खुर्चीतून म्हणायचं राहिलेलं ते आज उभ्यानं म्हणाली.

पोरीचा चेहरा खुलला. तिनं आईचा दंड धरून हलवला. "आई, तू जिंकली होतीस! मग तू खेळायचं सोडलंस कशाला?"

बारकीनं चेंडू लेकीच्या हातात ठेवला. तो ऊन झाला होता.

"ते तुझ्या मावशीला विचार," ती म्हणाली आणि बूट घालायला बाहेर गेली. पोरगी चेंडू मुठीत धरून मावशीकडे बघत उभी राहिली.